अर्जदार हा याचक नव्हे

मध्य प्रदेशाच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील नेपानगर हे नाव सामान्य वाचकाच्या कानांवर फारसे आले नसेल. पण छापखान्याच्या धंद्यातील माणसाला ते विसरता येणार नाही. वृत्तपत्राच्या कागदासाठी सारा देश परदेशाच्या तोंडाकडे पाहत होता, त्या काळात, १९४७ च्या जानेवारीत, येथे कागद गिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन झाली. १९४९ मध्ये तत्कालीन मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने तिचा कारभार हाती घेतला, १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती राष्ट्राला अर्पण झाली. पुढे तिची सूत्रे केंद्र सरकारकडे आली. १९८१ पर्यंत वृत्तपत्री कागद तयार करणारी ही देशातील एकमेव गिरणी होती. सालईचे लाकूड आणि बांबू यांच्या लगद्यापासून कागद करणाऱ्या या गिरणीभोवती एक अख्खे नगर वसले आणि त्या नगराचे नशीब गिरणीच्या भोंग्याशी बांधले गेले.

ही गिरणी पुढे आजारी पडली. तिला सावरण्याच्या योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१२ आणि २०१८ मध्ये मंजूर केल्या. २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी यंत्रे थांबली आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये ती पुन्हा फिरू लागली. लाकडाऐवजी आता रद्दी कागद हा कच्चा माल झाला आणि वार्षिक उत्पादनक्षमता एक लाख टनांवर नेण्यात आली. गिरणी सुरू झाली म्हणजे अर्ज घेऊन तरुण तिच्या फाटकाशी येणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. त्या तरुणाने कंपनीकडून कशाची अपेक्षा करावी, हा प्रश्न मात्र आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. तो एकट्या नेपानगरचा नाही. आमच्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीच्या, लोटे-परशुरामच्या आणि तारापूरच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचा तो प्रश्न आहे.

प्रथम एक कटू गोष्ट सांगून टाकलेली बरी. अर्ज केला म्हणून नोकरी मिळालीच पाहिजे, अशी अपेक्षा कोणालाही करता येत नाही. नेपा गिरणीचेच उदाहरण घ्या. २०१८ च्या योजनेत एकीकडे गिरणीत पैसा ओतण्याची तरतूद होती, तर दुसरीकडे सुमारे ४०० कर्मचाऱ्यांच्या स्वेच्छानिवृत्तीचीही होती. कागदाचे टन वाढतात म्हणून हजेरीपटावरील नावे वाढत नाहीत. नवी यंत्रे पुष्कळदा नेमके उलटेच करतात. तेव्हा उद्घाटनाच्या मांडवातून रोजगाराच्या घोषणा करणाऱ्यांनी पदे किती, कोणती आणि कायम की कंत्राटी, हे त्याच मांडवात सांगितले पाहिजे. मोघम आश्वासन ही अर्जदाराची पहिली फसवणूक होय.

परंतु नोकरीवर हक्क नसला, तरी वागणुकीवर हक्क असतो. हा भेद आपल्या कंपन्यांनी ओळखलेला नाही आणि दुर्दैवाने आपल्या तरुणांनीही नाही. नोकरी मागणारा मनुष्य स्वतःची बुद्धी, श्रम आणि आयुष्याची वर्षे देऊ करीत असतो. कंपनी त्याचे मोल देऊ करते. हा दोन पक्षांमधील व्यवहार आहे. त्यात एक पक्ष दाता आणि दुसरा याचक, असे समजण्याचे कारण नाही.

नेपासारख्या सरकारी मालकीच्या कंपनीबाबत हा हक्क बराच स्पष्ट आहे. अशी कंपनी घटनेच्या दृष्टीने ‘राज्य’ या संज्ञेत मोडते आणि समान संधीचे तत्त्व तिला बांधून घेते. त्यातून न्यायालयांनी गेल्या काही दशकांत अर्जदाराच्या पदरात एकेक गोष्ट टाकली आहे. जागांची खबर सर्वांना मिळाली पाहिजे. केवळ रोजगार विनिमय केंद्राकडून नावे मागवून काम उरकता येणार नाही, वृत्तपत्रांतूनही जाहिरात दिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले. भरती सुरू झाल्यावर मध्येच निकष बदलता येणार नाहीत, मूळ नियमांतच तशी मुभा असेल तर गोष्ट वेगळी, हे तत्त्व पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी पुन्हा ठामपणे मांडले. तोंडी मुलाखतीला अवास्तव गुण ठेवले, तर लेखी परीक्षेत पुढे असलेला उमेदवार मागे लोटता येतो, हे ओळखून न्यायालयाने १९८० च्या दशकातच त्या गुणांना मर्यादा घातली; आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या कनिष्ठ पदांसाठी मुलाखतीच बंद झाल्या. उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा अधिकार २०११ मध्ये मान्य झाला, जरी पुढे काही परीक्षांच्या बाबतीत त्याला मुरड पडली.

निवड यादीबाबत मात्र पुष्कळांचा गैरसमज असतो. यादीत नाव आले म्हणजे नोकरी लागली, असे समजून घरी पेढे वाटले जातात. १९९१ चा घटनापीठाचा निर्णय असे सांगतो की, यादीतील नावाने नेमणुकीचा अटळ हक्क उत्पन्न होत नाही. पण जागा रिकाम्या ठेवावयाच्या असतील, तर त्याला प्रामाणिक आणि सबळ कारण हवे, मनमानी चालणार नाही. याचा अर्थ अर्जदाराने नीट समजून घ्यावा. नेमणूकपत्र हाती पडेपर्यंत चालू नोकरी सोडू नये आणि नेमणूक का झाली नाही, हे विचारण्यास कचरूही नये.

इथवर ऐकल्यावर कोणी म्हणेल की, मग सर्व काही उत्तम आहे! तसे ते नाही. कारण सरकारी कारखान्याला आता दोन फाटके असतात. पुढच्या फाटकावर जाहिरात, परीक्षा, गुणवत्ता आणि आरक्षण यांचे नियम लावलेले असतात. त्यातून आत जाणारे थोडे. मागच्या फाटकावर कंत्राटदार उभा असतो; त्यातून आत जाणारे पुष्कळ. तेथे ना जाहिरात, ना निकष, ना यादी. काम त्याच यंत्रावर, धूळ तीच, धोका तोच. पण मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर मात्र वेगळे. कंत्राटी पद्धत रद्द झाली तरी कंत्राटी कामगार आपोआप मूळ कंपनीचे होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले. रीतसर भरतीवाचून आत आलेल्यांना कायम होण्याचा हक्क सांगता येत नाही, असा निर्णय २००६ मध्ये आला. त्या निर्णयाची ढाल पुढे करून वर्षानुवर्षे राबविलेल्या माणसांना घालवून देणे योग्य नव्हे, असे त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये बजावले. पण तो न्याय मिळविण्यासाठी माणसाला कोर्टाच्या पायऱ्या किती वर्षे झिजवाव्या लागतात! म्हणून मागच्या फाटकातून जाणाऱ्याने पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारावा: माझ्या कागदावर नाव कोणाचे, कंपनीचे की कंत्राटदाराचे? नंतर विचारून उपयोग नसतो.

आता नेपानगरहून तापीकाठी बुऱ्हाणपूर शहरात येऊ. मोगलांच्या काळापासून कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात आज यंत्रमागांची खडखड आहे. येथील तापी मिल ही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची गिरणी. २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर तिचीही यंत्रे थांबली. अशा वेळी हातांना काम देणारे उरतात ते लहान लहान माग-कारखाने. तेथे भरतीची ‘प्रक्रिया’ हा शब्दच परका आहे. कोणाचा मेहुणा सांगतो, कोणाचा शेजारी नेऊन उभा करतो. मालक दोन दिवस हात पाहतो आणि काम सुरू होते. यात एक साधेपणा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. लांबलचक अर्ज नाही, परीक्षा नाही, सहा महिने वाट पाहणे नाही. परंतु जे तोंडी लागते ते तोंडीच जाते. मजुरीचा दर, सुटी, अपघात झाला तर कोणी पाहावयाचे, यांपैकी कशाचाच कागद नसतो. आणि अडचणीला मालकाकडून उचल घेतली की सोडून जाण्याची वाटही बंद होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने मालकावर प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याचे बंधन घातले आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. पण ज्या संहितेत हे बंधन आहे, तिच्यातील ‘आस्थापने’ची सर्वसाधारण व्याख्या दहा कामगारांपासून सुरू होते. चार-सहा माग आणि पाच-सात माणसे असलेल्या कारखान्याचे काय? ज्याला कागदाची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच दाराशी कायदा थबकतो. राज्य सरकारांनी ही फट बुजविली नाही, तर नेमणूकपत्र मोठ्यांच्या दप्तरातील शोभा होऊन बसेल.

तोंडी भरतीचे दुष्परिणाम कोकणच्या वाचकाला नव्याने सांगावयास नकोत. रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईच्या कापड गिरण्यांत गेलेल्या पिढ्यांनी ते भोगलेले आहेत. तेथे साहेब आत असे आणि फाटकाशी जॉबर. कोणाला आज काम द्यावयाचे आणि कोणाला परत धाडावयाचे, हे त्या जॉबरच्या मर्जीवर. नोकरी लावण्यासाठी आणि लागलेली टिकविण्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. १९३१ मध्ये शाही कामगार आयोगाने या प्रथेवर बोट ठेवले आणि भरतीचे काम जॉबरकडून काढून स्वतंत्र अधिकाऱ्याकडे सोपवावे, असे सुचविले. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची योजना सुरू केली, तीमागेही जॉबरच्या या सत्तेला आळा घालण्याचा हेतू होता. सांगावयाचे ते एवढेच की, भरतीला नियम नसतात तेव्हा तेथे पोकळी राहत नाही. तेथे दलाल येऊन बसतो.

हा दलाल अजून मेलेला नाही. मध्य प्रदेशात व्यावसायिक परीक्षा मंडळाचा, म्हणजेच ‘व्यापम’चा घोटाळा २०१३ मध्ये उघडकीस आला आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. परीक्षेला भलताच मनुष्य बसविणे, उत्तरपत्रिकांत फेरफार करणे, असले प्रकार त्यात बाहेर आले. आम्ही गोमंतकीयांनी त्याकडे बोट दाखवून हसावे, अशी आमची स्थिती नाही. २०२४ च्या उत्तरार्धात सरकारी नोकरी लावून देतो असे सांगून लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारी गोव्यात एकामागून एक पोलिसांत नोंदल्या गेल्या. घेणारे दोषी आहेतच. पण आईचे दागिने मोडून पैसे देणाऱ्या घराला आपण काहीतरी गैर करीत आहोत असे का वाटले नाही, याचाही विचार व्हावयास हवा. प्रामाणिक मार्गाने नोकरी मिळते, हा विश्वासच जेथे उरला नाही, तेथे लाच हा प्रवेशशुल्काचा एक प्रकार वाटू लागतो. हा विश्वास मोडणे हे आमच्या मते पैशाच्या लुबाडणुकीहून मोठे पाप आहे.

जहाजावरील नोकरीसाठी घराबाहेर पडणाऱ्या किनाऱ्यावरील मुलांना तर हे विशेष सांगितले पाहिजे. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी कामगार करारानुसार नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेता येत नाही. तो खर्च जहाजमालकाने सोसावयाचा असतो. जागतिक कामगार संघटनेच्या १९९७ च्या करारातही कामगाराकडून पैसे घेऊ नयेत, हेच मूलतत्त्व आहे. जो नोकरीआधी पैसे मागतो तो नोकरी देणारा नव्हे, ही एक कसोटी प्रत्येक घराने भिंतीवर लिहून ठेवावी.

खासगी कंपन्यांचे काय? त्यांना समान संधीचे घटनात्मक बंधन तसे लागू नाही. पण त्या अगदी मोकळ्याही नाहीत. समान कामाच्या भरतीत स्त्री म्हणून डावलणे १९७६ पासून बेकायदा आहे आणि नव्या वेतन संहितेतही ते कायम आहे. अपंगांना समान संधी देण्याचे धोरण जाहीर करणे २०१६ च्या कायद्याने खासगी आस्थापनांनाही बंधनकारक केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९७१ मध्येच एका वीज कंपनीला सुनावले होते की, ज्या परीक्षेचा व ज्या पदवीचा प्रत्यक्ष कामाशी संबंध नाही, तिची अट घालून एका वर्णाच्या लोकांना दाराबाहेर ठेवता येणार नाही. आपल्याकडे साध्या कारकुनी कामाला पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव मागणाऱ्या जाहिराती वाचल्या की, त्या निर्णयाची आठवण होते. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशाने आणखी एक पाऊल टाकले: पगार किती, हे अर्जदाराला मुलाखतीपूर्वी सांगावयाचे आणि त्याचा पूर्वीचा पगार विचारावयाचा नाही. त्यासाठी सदस्य राष्ट्रांना ७ जून २०२६ ही मुदत देण्यात आली. आमच्याकडे ‘योग्यतेनुसार वेतन’ या दोन शब्दांत सारे झाकले जाते. बाजारात माशाचा भाव विचारल्यावाचून कोणी पिशवी पुढे करीत नाही. आयुष्याच्या सौद्यात मात्र भाव विचारणे असभ्य ठरते!

भूमिपुत्रांच्या प्रश्नाचेही मूळ पुष्कळदा येथेच असते. २०२४ मध्ये गोव्यातील कारखान्यांसाठी औषध कंपन्यांनी महाराष्ट्रात थेट मुलाखती ठेवल्या आणि गोव्यात संतापाची लाट उठली. मध्य प्रदेशात २०२० च्या ऑगस्टमध्ये तेथील मुख्यमंत्र्यांनी सरकारी नोकऱ्या राज्यातील तरुणांनाच देण्याची घोषणा केली होती. हरियाणाने तर खासगी नोकऱ्यांतील पंचाहत्तर टक्के जागा स्थानिकांसाठी राखणारा कायदाच केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. बुऱ्हाणपूरच्या मराठी भाषकाला या कुंपणांची गंमत चांगली कळेल. तो तेथे स्थानिक. पण रावेरची हद्द ओलांडली की परप्रांतीय! भाषा तीच, केळीच्या बागा त्याच, केवळ पाटी बदलते. आमचे म्हणणे असे की, राग बाहेरच्या उमेदवारावर काढण्याआधी कंपनीला विचारावे: जागांची जाहिरात गोव्यात दिली होती काय? पात्रता सांगितली होती काय? किती स्थानिकांनी अर्ज केले आणि ते कोणत्या कारणाने नाकारले? ही माहिती उघड झाली, तर खरा अन्याय कोठे आहे ते दिसेल आणि खोटा कांगावाही टिकणार नाही.

तेव्हा अर्जदाराने कंपनीकडून कशाची अपेक्षा करावी? आमच्या मते पाच गोष्टींची. जागा, पगार आणि कायम की कंत्राटी, हे आधी जाहीर व्हावे. निकष कामाशी संबंधित असावेत आणि मध्येच बदलू नयेत. कोणीही, कोणत्याही नावाखाली, पैसे मागू नयेत. ठरलेल्या मुदतीत होय किंवा नाही असे उत्तर मिळावे. आणि काम सुरू होण्याच्या दिवशी नेमणूकपत्र हाती असावे. यांपैकी चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मिळ आहे. नाकारलेल्या उमेदवाराला कळविण्याचे बंधन खासगी कंपनीवर घालणारा कायदा आपल्याकडे नाही. पण एका ओळीच्या पत्राने कोणत्या कंपनीचे दिवाळे निघणार आहे? ते पत्र न आल्याने एखादे घर मात्र महिनोन्‌महिने टपालवाल्याच्या आणि टेलिफोनच्या वाटेकडे डोळे लावून बसते, हाती आलेली दुसरी संधी सोडून देते.

कंपन्या म्हणतील की, अर्ज हजारोंनी येतात, कोणाकोणाला उत्तर द्यावे? ही अडचण अगदीच खोटी नाही. पण ज्या यंत्रांच्या साहाय्याने आज हजारो अर्ज चाळून बाजूला टाकले जातात, त्याच यंत्रांना हजारो उत्तरे धाडता येत नाहीत, हे कोण मानील? नसते ती इच्छा.

सरकारने प्रथम आपल्या मालकीच्या कारखान्यांत, त्यांच्या दोन्ही फाटकांवर, हे पाच नियम लावून दाखवावेत. सवलतीची जमीन, पाणी आणि वीज घेणाऱ्या खासगी उद्योगांना त्यांची अट घालावी. माग-कारखान्यातील पाच कामगारांपर्यंत नेमणूकपत्र पोहोचवावे. आणि तरुणांनी मान खाली घालून अर्ज देण्याची सवय सोडावी. नोकरी कंपनीने द्यावी की न द्यावी, हा तिचा विचार; परंतु दाराशी आलेल्या माणसाला खरे सांगणे आणि वेळेवर सांगणे, हे तिचे कर्तव्य आहे. जी कंपनी अर्जदाराला माणूस समजत नाही, ती उद्या कामगाराला समजेल, असे मानण्यास आम्हांस काहीच आधार दिसत नाही.